इंदुरात जेवायला कुठे जायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

पुण्या-मुंबईचे नातेवाईक, त्यांचे मित्र, मुलाच्या ऑफिसातले लोक, जो कोणी इंदूरला येणार असतो तो आधी मला मेसेज टाकतो, 'काकू, एखादं चांगलं रेस्टॉरंट सांगा ना, फॅमिलीबरोबर जायचंय.' मी दरवेळी उलट विचारते की किती वाजता जाणार? त्यांना वाटतं काकू टेबल बुक करतायत. तसं नाही हो. इथे कुठे खायचं ते घड्याळावर ठरतं, आणि थोडंसं महिन्यावर. सकाळी सातला जे अख्खं शहर खात असतं ते दुपारी तसं मिळत नाही, आणि रात्री अकराचं खाणं संध्याकाळी पाचला मागायला गेलात तर समोर सोन्याच्या बांगड्या काढून ठेवतील, कारण ती गल्ली तेव्हा सराफांची असते.

सकाळचं आधी सांगते. हॉटेलात ब्रेकफास्ट फ्री आहे म्हणून तिथेच पोट भरून बाहेर पडणारे लोक मला कळतच नाहीत. बुफेतले पोहे झाकणाखाली बसून बसून गोळा झालेले असतात आणि खाली कोपऱ्यावर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून वाफेवर धरलेले पिवळेधमक मोकळे पोहे मिळत असतात, त्यात बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावन. जिरावन म्हणजे काळं मीठ, आमचूर, धने-जिरे, लवंग, हिंग असं बरंच काही घालून केलेला मसाला, आम्ही तो कशावरही टाकतो, पेरूवर, काकडीवर, काहीच नसेल तर नुसत्या पोळीवर. आणि सोबत जिलबी. माझी मावसबहीण पहिल्यांदा म्हणाली पोह्यांबरोबर गोड कोण खातं, वेगळी जिलबी नको म्हणाली आणि मग माझ्यातलीच संपवली. तिखट लागत असेल तर प्रशांत नावाच्या उपाहारगृहातले उसळ-पोहे खा, त्यात तुम्हाला मिसळीचीही थोडी आठवण येईल, पण उगाच तुलना करत बसू नका, शेजारच्या टेबलावरचा माणूस ऐकत असतो आणि तो बहुतेक मराठीच असतो.

दुपारचं जेवण म्हणजे दाल-बाफला, आणि ते फक्त अशा दिवशी की जेव्हा नंतर काही काम नाही. बाटी आणि बाफला एकच समजू नका. बाटी थेट भाजतात, बाफला आधी पाण्यात उकडून घेतात आणि मग भाजतात, म्हणून तो आतून मऊ होतो आणि तूप नीट पितो. तो हाताने कुस्करायचा, वरून तूप, मग डाळ, बाजूला कढी, हिरवी चटणी, कांदा, आणि शेवटी लाडू. चमच्याने खाऊ नका प्लीज. वाढणारा 'थोडं तूप?' असं विचारतो तेव्हा तो खरंतर विचारत नसतो, वाटी आधीच कलती झालेली असते. ह्यानंतर ओंकारेश्वर, मांडू वगैरे प्लॅन करून आलेले लोक गाडीत झोपतात आणि बाहेर काय होतं ते त्यांना फोटोत कळतं.

संध्याकाळी छप्पन दुकान. न्यू पलासियात, नावाप्रमाणे ओळीने दुकानं, गाड्यांना आत मनाई, स्वच्छ, एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, क्लीन स्ट्रीट फूड हब म्हणून दर्जा दिलेली जागा. 'रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडेल का' असं विचारणाऱ्यांना मी तिथेच पाठवते. शहर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात लागोपाठ पहिलं येत राहिलंय, त्याची लोकांना इतकी सवय झालीय की कागदाची प्लेट खाली टाकलीत तर दुकानदाराच्या आधी एखादी अनोळखी आजीच तुम्हाला हटकेल. तिथे जॉनी हॉटडॉग आहे, पण परदेशातला तो लांबट प्रकार डोक्यातून काढा, इथे गोल पाव आणि तव्यावर तुपात भाजलेली टिक्की, अंड्याचं बेंजो म्हणजे पावात ऑमलेट, मटणाचंही मिळतं. विजय चाटचं खोपरा पॅटिस घ्या, बाहेर बटाटा आत खोबरं. शिकंजी मागवलीत आणि लिंबूपाणी येईल अशी अपेक्षा ठेवलीत तर समोर केशर-सुकामेवा घातलेलं घट्ट दुधाचं काहीतरी येईल, ती आमची शिकंजी, ती पिऊन पुढे काही खायचं असेल तर अर्धीच घ्या.

आता सराफा. ह्याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलते आणि घरचे सगळ्यात जास्त वैतागतात. राजवाड्याच्या मागे सोन्याचांदीचा बाजार, रात्री शटर खाली येतात आणि त्याच दुकानांच्या पुढे, ओट्यांवर, गल्लीत कढया लागतात, साधारण नऊ-साडेनऊनंतर रंग चढतो आणि मध्यरात्र उलटून जाते तरी गर्दी हलत नाही. असं सांगतात की रात्री बाजारात माणसांची वर्दळ राहिली तर दुकानं सुरक्षित राहतात म्हणून सराफांनीच हे चालू दिलं. खरंखोटं काही असो, दिवसा त्या गल्लीत गेलात तर रात्री इथे तेल उकळत असेल ह्यावर विश्वास बसत नाही.

जोशींचा दहीवडा आधी बघायचा आणि मग खायचा. वड्यावर दही ओतून तो द्रोण हवेत उडवतात आणि झेलतात, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले धरून एकेक वेगळा सोडतात, तिखट इथे, जिरं तिथे, मीठ पलीकडे, एकात एक मिसळत नाही. मी अगदी जवळ उभी राहून बोटांकडे बघितलंय, अंगठा कधी हलतो ते दिसत नाही. मग भुट्ट्याचा कीस, कोवळं कणीस किसून दुधात शिजवलेला, वर खोबरं-कोथिंबीर-लिंबू, पावसाळ्यात भुट्टे ताजे असतात तेव्हा ह्याच्यासारखं काही नाही. आणि साबुदाणा खिचडी. ही आपली दाण्याच्या कुटातली परतलेली खिचडी नाही हं, वाफवलेला मोकळा साबुदाणा मोठ्या भांड्यात ठेवलेला असतो, तुमच्यासमोर त्यात मिरची, लिंबू, कोथिंबीर, मसाला आणि वरून फरियाली म्हणजे उपासाचं मिक्चर घालून कालवून देतात. माझ्या सासूबाई ह्या खिचडीला खिचडी मानायला आयुष्यभर तयार झाल्या नाहीत, पण सराफ्यात गेलं की खायच्या मात्र तीच.

एक तक्रार आहे. गेल्या काही वर्षांत तिथे मोमो, चायनीज, आगीचं पान, धूर निघणारी बिस्किटं असलं फार वाढलं, रीलवाले त्याच्यापुढेच उभे राहायचे आणि रस्ता अडायचा. मोमो तुम्हाला कोथरूडला पण मिळतात की. तशा गाड्या दिसल्या तर टाळा आणि ज्या माणसाकडे एकच पदार्थ आहे त्याच्याकडे जा, हा माझा साधा हिशोब. तसंच एका प्लेटमध्ये चौघांनी खा. पहिल्याच दुकानात प्रत्येकी एक घेऊन बसलेले पाहुणे तिसऱ्या दुकानाशी गार होतात आणि मग रबडी बघून नुसते हळहळतात.

बरं, तुम्हाला टेबल-खुर्चीचं रेस्टॉरंटच हवं आहे, कारण बरोबर गुडघेदुखीवाले बाबा आहेत, लहान मूल आहे, किंवा उन्हाळा आहे. मान्य. सरवटे बसस्टँडजवळ गुरुकृपा आहे, फॅन्सी काही नाही, शेव-टमाटर, डाळ आणि गरम रोटी मागवा, गर्दीची तयारी ठेवा. (हे सरवटे म्हणजे वि. सी. सरवटे, संविधान सभेत होते, बसस्टँडवर येणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे.) शेव-टमाटर ही माझी परीक्षेची भाजी आहे, शेव शेवटच्या क्षणी पडली असेल तर स्वयंपाकघर जागं आहे, आधीच भिजून लगदा झाली असेल तर पुढचं काही मागवू नये.

विजय नगरकडची नवी रूफटॉप्स मला जमत नाहीत, मुलांना आवडतात. मेन्यू मोबाईलवर स्कॅन करा, अंधारात चष्मा शोधा, म्युझिक एवढं की वेटरला कानात सांगावं लागतं, आणि मेन्यूत पंजाबीपासून इटालियनपर्यंत सगळं. एवढं सगळं कोणाकडेच ताजं नसतं हो, लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी करून ठेवलेल्या असतात आणि पनीरच्या दहा नावांखाली त्याच येतात. एका ठिकाणी आम्ही कोल्हापुरी मागवली आणि हंडी मागवली, दोन्ही आलटूनपालटून चाखल्या, यजमान म्हणाले बिलावरच काय तो फरक दिसतोय.

बिलाचं निघालंच आहे तर, पाच टक्के जीएसटी ठीक आहे, तो द्यायचाच. पण सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो तुमच्या मर्जीवर आहे, ग्राहक प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय. शांतपणे म्हणायचं, 'भैया, ये हटा दो.' हटवतात. आणि मग वेटरच्या हातात जे द्यायचं ते द्यायचं, त्याने धावपळ केलेली असते. बसल्या बसल्या 'पानी बॉटल या रेग्युलर?' असं विचारतात तेव्हाही रेग्युलर म्हणायला लाजू नका, फॅमिलीसमोर बरं दिसत नाही म्हणून लोक उगाच बाटल्या घेत बसतात.

राहता राहिलं मराठी जेवण. हा प्रश्न तर फारच येतो, होळकरांचं शहर, एवढे मराठी लोक, मग वरण-भात-तूप कुठे मिळेल? रामबागेत, लोकमान्य नगरात, कोणाच्याही घरी. बाहेर जाऊन अळूची भाजी खायला आमच्यातलं कोणी पैसे मोजत नाही, त्यामुळे मीही कोणाला हॉटेल सुचवत नाही. आदल्या दिवशी फोन करा, कुकर लावते.

आणि गराडू खायचे असतील तर थंडीतच या. ते कंद थंडीतच येतात, तुकडे करून तळतात, वर जिरावन आणि लिंबू. मे महिन्यात फोन करून गराडू कुठे मिळतील असं विचारणाऱ्याला मी पन्हं प्यायला घरी बोलावते.