काका, कंपनीतूनच आलीये!

नळस्टॉपच्या सिग्नलला शेजारी टाटांची एक टिगोर गाडी येऊन थांबली. बॉनेटवर हवेसाठी खाचा. मी मुलाला म्हटलं, "बघ, काय काय चिकटवलंय!"

त्या गाडीवाल्याची काच खाली होती. हसून म्हणाला, "काका, चिकटवलेलं काही नाही. कंपनीतूनच अशी आलीये. जेटीपी."

ओशाळलो.

२०१८ मध्ये टाटांनी कोइमतूरच्या जयेम कंपनीबरोबर टिगोरची ही जोरदार जेटीपी आवृत्ती काढली होती. साध्या टिगोरच्या इंजिनची ताकद ८५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), हिची ११४. टर्बो पेट्रोल, सस्पेन्शनही वेगळं. आणि हे सगळं वॉरंटीसकट! गॅरेजात रिमॅप केलं, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं, की आधी तीच धोक्यात. २०२० मध्ये ती भागीदारीच गुंडाळली.

सिग्नल सुटला, तो दिसेनासाही झाला. मुलगा विचारतो, "बाबा, आपण का नाही घेतली?"

आपण तेव्हा शोरूममध्ये फक्त मायलेज विचारलं होतं. तुम्ही?