जुनी एस्टिमा घेऊन पुण्याहून महाबळेश्वर

पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. पण गाडी नव्वदच्या दशकात जपानहून आलेली टोयोटा एस्टिमा असेल आणि आत अख्खं घर बसलं असेल, तर खंबाटकी आणि पसरणी हे दोन घाट तिचा कस बघतात. आम्ही थंडी सरता सरता जाऊन आलो. गाडी एकदाही उकळली नाही, आणि त्याचं श्रेय निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेल्या कामाला आहे.

आधी गाडीची रचना समजून घ्या. २.४ लिटरचं इंजिन बॉनेटखाली नसून पुढच्या सीटांखाली, उभ्या रेषेपासून ७५ अंश कलवून जवळजवळ आडवं बसवलंय. रेडिएटर, त्याचा पंखा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसीचा कॉम्प्रेसर मात्र पुढे नाकात, आणि ते फिरवायला इंजिनापासून एक लांब शाफ्ट पुढे येतो. म्हणजे कूलंटचा, इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, प्रवासही लांबचा, आणि वाटेत हवा अडकायला जागा भरपूर. या गाड्या तापतात त्यामागे पुष्कळदा हीच अडकलेली हवा असते.

ती काढायला गाडीचं नाक चढाकडे करून लावा. आमच्या बेसमेंटचा रॅम्प कामी आला. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा (मागचा हीटर असेल तर तोही), आणि इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी रेडिएटर आतून चोंदतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकणच बदला. महाबळेश्वरच्या उंचीवर, सुमारे १,३५० मीटरवर, साधं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी उशिरा उकळतं, म्हणून निभावतं.

कूलंटचे होज पाइप हाताने दाबून पाहा. फुगलेला, चिरलेला किंवा तेलकट मऊ पडलेला पाइप तसाच घेऊन घाट चढू नका. बदलायचा तर जुना सोबत घेऊन पुण्यातल्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात जा. गाडीचं नाव सांगून तिथे फारसं काही मिळणार नाही, आतला व्यास आणि वळण जुळवून मिळेल. पेट्रोलचे रबरी पाइपही बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. सीटखाली गरम इंजिन असताना पेट्रोलची गळती हा जिवाशी खेळ आहे, इथे पैसे वाचवू नयेत.

पहाटे निघालात तर कात्रजचा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोलनाका गर्दीआधी मागे पडतो. खंबाटकीला जाताना घाट चढावा लागला, बोगदा परतीच्या वाटेवर होता. तिथे तापमानाचा काटा हलला नाही. सुरूर फाट्यावरून वाईला आलो, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, गाडीलाही विसावा मिळाला.

पसरणीत एका लोड ट्रकमागे अडकलो आणि काटा वर सरकू लागला. लगेच एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, त्यामुळे पाचगणीच्या आत काटा जागेवर आला. तरीही चढतच राहिला असता तर बाजूला थांबून इंजिन बंद करायचं आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

पाचगणीत गाडी उभी असताना एसी लावला की पुढून खडखड येत होती. मल्टिमीटरवर बॅटरीला १४ व्होल्ट मिळाले. चार्जिंग ठीक, म्हणजे शाफ्ट फिरतोय. खडखड त्याच्या रबरी जोडांची निघाली. ते झिजले की आधी असा आवाज येतो. पुढे शाफ्टच निकामी झाला तर अल्टरनेटर आणि पंखा दोन्ही गेले, म्हणून घरी आल्यावर हे काम लांबवलं नाही.

उतरताना ओव्हरड्राइव्ह (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा सर्वात वरचा गिअर) बंद आणि गिअर दोनवर. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतलं बाष्प शोषतं, उतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. सोबत पाच लिटर पाणी, होज क्लिप, जुळणारा पट्टा आणि मल्टिमीटर ठेवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं नूतनीकरण केलेलं आरसी आणि पीयूसी हाताशी असू द्या.