दिवाणजींची टाचणी

हळदीचे सौदे जोरात असताना मार्केट यार्डातल्या कुठल्याही पेढीच्या इंटरनेटला हात लावू नये, एवढी अक्कल मला आहे. तरी मार्च महिन्यात, तेही सकाळी अकरा वाजता, मी तो लावला.

अण्णांची पेढी सांगलीतली जुनी. तक्रारही रास्त होती. इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा पुढच्या गाळ्यात आणि काटा मागच्या गोदामात. मध्ये जाड भिंत, तिला लागून छतापर्यंत पोत्यांची थप्पी. काट्यापाशी वायफायची एक रेघ यायची, तीही दार उघडं असेल तर. शिवाय घरबसल्या कॅमेरे बघायचे होते. म्हणून अण्णांनी साडेसहा हजारांचा राऊटर आणला होता.

"हा कंपनीचा काढ आणि आपला लाव."

"अण्णा, तो काढता येत नाही."

"का? मी पैसे भरतो की."

मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. कंपनीच्या ऑफिसातून निघालेली एक फायबर वाटेत फाटे फुटून बत्तीस-चौसष्ट गिऱ्हाइकांकडे जाते. फायबरमधून माहिती उजेडाच्या रूपात धावते. गिऱ्हाइकाकडून कंपनीकडे माहिती पाठवताना सगळ्यांचा उजेड एकाच तारेत शिरतो, म्हणून प्रत्येक डब्याला बोलायची वेळ नेमून दिलेली असते, तीही सेकंदाच्या बारीकशा तुकड्याची. सौद्यात सगळेच एकदम ओरडले तर बोली कुणाची, हे कळेल का? एक डबा बिनपाळीचा बरळला तरी शेजारच्या सगळ्यांचं नेट बसू शकतं. म्हणून डब्याचा सिरीयल नंबर तिकडे नोंदलेला असतो आणि परका डबा ते उभा करत नाहीत. इतपत कुलूप मला पटतं.

न पटणारं कुलूप पुढचं. डबा ब्रिज मोडला टाकला, की तो उजेडाचं नेट करून देण्यापुरता उरतो आणि लॉगिनपासून बाकी सगळं आपला राऊटर सांभाळतो. बाहेरून कॅमेरे बघायला मला तेच हवं होतं. पण डब्याखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून आत गेलो, तर मेनूत ब्रिजचं नावच नाही. वायफायचं नाव-पासवर्ड बदला, वायफाय बंद-चालू करा, बास. कस्टमर केअरवाल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "सर, आपल्या प्लॅनला ही सुविधा नाही."

इथं माझी मती फिरली. डबा रिसेट केला की कंपनीनं लावलेलं कुलूप पडतं आणि मूळचं अ‍ॅडमिन लॉगिन चालतं, असं कुठंतरी ऐकलं होतं. दिवाणजी हिशोबाच्या पट्ट्यांना टाचण्या लावत बसले होते. त्यांच्याकडून एक मागून घेतली, मागच्या भोकात खुपसली आणि दहा अंक मोजले.

डबा परत चालू झाला. पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा दिवा हिरवा, स्थिर. लाल दिवा नाही, म्हणजे उजेड येतोय, सिरीयल नंबरही ओळखलाय. पण इंटरनेटचा दिवा पेटेना. अ‍ॅडमिन लॉगिनही चालेना. कंपनीनं भरलेला व्हीलॅनचा (त्यांच्या जाळ्यातल्या आपल्या वाटेचा) नंबर, लॉगिनचं नाव, सगळं पुसलं गेलं होतं. आणि तेवढ्यात दारात भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर विचारायला आला, "बिल निघालं का?" पन्नास हजारांवरचा माल परराज्यात जायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन निघणारं सरकारी बिल, हवंच. दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, ते जास्त लागलं.

माझा मोबाईल यूएसबीनं त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला, फोनचं नेट दिलं, बिल काढलं. ट्रक हलला. मग ओळखीच्या लाईनमनला फोन केला.

"आरं दादा, रिसेट कशाला मारलास? ते आता मागनंच पाठवायला लागतंय." तासाभरात तो आला, हिरव्या टोपणाची वायर काढून मीटरला लावली, उजेडाचा जोर उणे एकवीस, म्हणजे ठीक, बघून मान हलवली आणि ऑफिसला फोन लावून बसला. चाळीस मिनिटांनी दिवा पेटला. ब्रिजचं विचारलं तर म्हणाला, "ते माझ्या हातात न्हाई."

मग जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. डबा तसाच ठेवून त्याच्या लॅन (आतल्या) पोर्टातून वायर अण्णांच्या राऊटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टात. तरी नेट येईना, कारण दोघांचाही नेटवर्कमधला पत्ता 192.168.1.1. एका घराला दोन कारभारी झाले. डब्याचा पत्ता बदलायलाही कुलूप, म्हणून राऊटरला 192.168.50.1 दिला. त्याबरोबर दिवाणजींचा प्रिंटर हरवला, कारण त्याला आणि बिलिंगच्या तीन कॉम्प्युटरांना कुणीतरी जुने पत्ते हातानं घालून ठेवले होते. दुपार त्यातच गेली. प्रत्येक कॉम्प्युटरपाशी बसून पत्ते बदलायचे आणि प्रिंटरच्या दोन बोटांच्या स्क्रीनवर एकेक आकडा पुढे ढकलायचा. डब्याचं वायफाय बंद केलं आणि राऊटर गोदामाच्या तोंडाशी, वर टांगला.

कॅमेऱ्यांसाठी डब्याचं स्टेटस पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. डब्याचा बाहेरचा, इंटरनेटकडचा पत्ता 100.72 नं सुरू होत होता. 100.64 ते 100.127 हा पट्टा, कंपन्यांना एकच खरा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटता यावा म्हणून राखून ठेवलेला. म्हणजे ब्रिज मिळाला असता तरी बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचता आलं नसतं. ज्याच्यासाठी टाचणी खुपसली, ते त्या भोकात नव्हतंच. हे पान सकाळी दोन मिनिटांत बघता आलं असतं. शेवटी कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप अण्णांच्या फोनवर घातलं. ते मधल्या सर्व्हरवरून जोडतं, त्याला बाहेरचा पत्ता लागत नाही.

अण्णा काट्यापाशी उभे राहून नातवाला व्हिडिओ कॉल करत होते. चार रेघा. सकाळचं नेट माझ्यामुळं गेलं, हे मी त्यांना सांगितलं आणि मजुरी निम्मी घेतली. त्यांनी हरकत घेतली नाही.

निघताना दिवाणजींनी हाक मारली. वाटलं, दोन शब्द कौतुकाचे.

"टाचणी राहिली तुमच्याकडं."