बशीचा खळगा, ४६ मिलीमीटर

मागच्या नोंदीनंतर चार महिने काही लिहिलं नाही, कारण जे काही घडलं ते बहुतेक चुकीचंच घडलं. आधी घरातल्या जुन्या डिनर सेटचा आणि ग्लासांचा हिशेब देते. कप ८ होते, ते ९ झाले. बशा ११. मोठ्या प्लेटा १०, त्यातल्या एकीच्या काठाचा टवका उडालेला. सूपचे बाउल मात्र १२ च्या १२ शाबूत; आमच्या घरात सूप कोणी प्यायलंच नाही. क्रिस्टलचे ग्लास ६ वरून ५ वर आले, त्याचं दुःख शेवटी.

सेट सासूबाईंचा. मामंजींचे एक मावसभाऊ जहाजावर नोकरीला होते, त्यांनी साठच्या दशकात जपानहून आणलेला. प्रत्येक नगाच्या पाठीवर पानांच्या वेटोळ्यात इंग्रजी ‘एन’, खाली ‘नोरिताके’ हे कारखान्याचं नाव आणि ‘जपान’. वेटोळ्यातला हा ‘एन’ १९५३ पासूनचा. युद्धापूर्वी त्या जागी ‘एम’ असायचा, कारखाना काढणाऱ्या मोरिमुरा घराण्याचा. १९५२ पर्यंत जपान अमेरिकेच्या ताब्यात होता, त्या काळातल्या निर्यातीच्या मालावर बऱ्याचदा ‘ऑक्युपाइड जपान’ असं छापलेलं सापडतं. घरातल्या वस्तूंचं वय सांगताना माणसं सढळ हातानं दहा-वीस वर्षं वाढवतात, पण सासूबाईंची गोष्ट शिक्क्याशी चोख जुळली. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, “मग, मी काय खोटं सांगत होते?”

आता चूक. शिक्क्याखाली चार आकडी नंबर असतो, तो नक्षीचा. तोच नंबर, तीच करडी पानं आणि गुलाब, तीच चंदेरी कड, असे दोन कप मला कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडे ऑनलाइन दिसले. फोटो मोठा करून पाहिला, नंबर वाचला, पैसे पाठवले. पार्सल आलं, कप बशीवर ठेवला तर डुगडुगायला लागला. नीट पाहिलं तेव्हा कळलं, नक्षी तीच पण साचा वेगळा. आमच्या कपाचा कान वर टोकदार, याचा गोल. आमच्या कपाचं बूड ४५ मिलीमीटर, याचं ४९. बशीतला खळगा ४६ चा. चार मिलीमीटर म्हणजे काय, हे चहा सांडल्याशिवाय कळत नाही.

सेट जुळवणाऱ्यांनो, नक्षीचं नाव-नंबर मिळाला की अर्धं काम झालं, असं मीही समजत होते. नक्षी म्हणजे कागदावर छापून भांड्यावर चिकटवलेलं डिकल. कारखाना तेच डिकल दोन-तीन साच्यांवर लावू शकतो. म्हणून आता विक्रेत्याला मी तीनच गोष्टी विचारते: बुडाचा व्यास, काठाचा व्यास, उंची. शिवाय फुटपट्टी शेजारी ठेवून कान बाजूने दिसेल असा फोटो मागते. घरी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आहे, लेकाच्या पॉलिटेक्निकच्या दिवसांतला. त्या व्हर्नियरनं सगळ्या नगांची मापं घेऊन वहीत लिहिली आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात रिप्लेसमेंट्स नावाची एक कंपनी १९८१ पासून फक्त हेच काम करते, जुन्या सेटांचे सुटे नग विकण्याचं. तिथे कप मिळेलही, पण डाकखर्च आणि कस्टम धरला तर एका कपात इथे नवा सेट येईल.

नववा कप मिळाला तो घराजवळच, नागपुरातल्या इतवारीत. भांड्यांच्या एका जुन्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेला, आत खिळे भरलेले. मी पालथा करून शिक्का बघितला, बोटानं टिचकी मारली. मडकं वाजवून घ्यायचं हे आईनं शिकवलेलं, ते इथेही लागू. अखंड पोर्सेलिन खणखणीत वाजतं, केसाएवढी चीर असली तरी आवाज ‘ठप्प’ येतो. हा वाजला. मग उन्हाकडे धरला आणि पलीकडून बोट फिरवलं. बोटाची सावली दिसली, म्हणजे पोर्सेलिन खरं.

दुकानदार म्हणाला, “ताई, का पाहून राहिल्या एवढं? कपच आहे.”

“बशी कुठाय याची?”

“फुटली असंन. कपाचे चाळीस द्या.”

खिळे त्यानं कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. घरी आल्यावर सोड्यात भिजवून गंज काढला. आत चांदीच्या रेघेसारखे ओरखडे होते. ते ओरखडे नव्हेतच, खिळ्यांच्या लोखंडाच्या खुणा; झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, त्याहून कठीण. पातेलं घासायची बारीक पावडर ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हातानं चोळली, निघाल्या. कडेच्या चंदेरी पट्टीला मात्र हात लावला नाही. ती झिलईच्या वर असते, चार वेळा घासली की गेली. मायक्रोवेव्हमध्येही म्हणूनच नको, ठिणग्या उडतात.

टवका उडालेल्या प्लेटेचं काही केलेलं नाही, करणारही नाही. नोरिताकेचा कारखाना १९०४ चा, पण त्याला स्वतःचा पहिला डिनर सेट बाजारात आणायला १९१४ उजाडलं, ते अडलं होतं मोठ्या प्लेटेवर. पंचवीस सेंटिमीटरची सपाट प्लेट भट्टीत मऊ पडते आणि मध्ये बसते किंवा वाकते. हे वाचल्यापासून आमच्या प्लेटा काचेच्या टेबलावर एकेक पालथ्या ठेवून पाहिल्या. एकही हलली नाही. टवक्यासकट ती प्लेट मला आवडायला लागली आहे.

एक उपप्रकरण. मोठा सर्व्हिंग बाउल सेटमधून कधीच हरवलेला, त्या जागी साधारण जुळणारा एक इंग्लिश बाउल घेतला होता. पांढरा तर पांढरा, असं वाटलं. शेजारी ठेवल्यावर आमचा निळसर आणि तो सायीसारखा पिवळट. शिवाय तो पोर्सेलिन नाही, अर्दनवेअर आहे, म्हणजे आतली माती सच्छिद्र. झिलईवर केसासारख्या भेगांची जाळी होती, ती मी ‘जुनेपणाची शोभा’ समजले. नणंदेच्या वाढदिवसाला त्यात सावजी मटण वाढलं. दुसऱ्या दिवशी पूर्ण जाळी तांबडी, नकाशातल्या नद्यांसारखी. तर्री भेगांतून आत मातीत गेली. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, हातमोजे घालून झाकणाच्या टबात तीन दिवस बुडवून ठेवला. रंग निम्मा उतरला, वास नाही. आता त्यात किल्ल्या ठेवतो.

आता ग्लास. हे सहा ग्लास सासूबाईंच्या माहेरचे. १९४७ ला कामठी छावणीतला एक साहेब सामान विकून विलायतेला गेला, त्याच्याकडून घेतलेले. पातळ दांडी, खाली हिऱ्यासारखी कटाई. खरं क्रिस्टल म्हणजे शिशाची काच; इंग्लंडमध्ये रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज युरोपात किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असेल तरच लेड क्रिस्टल म्हणतात. वजन, लखलखाट आणि लांबत जाणारा आवाज हे सगळं शिशाचं देणं. आमच्या घरी त्यातून कैरीचं पन्हं प्यायचे! आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो, म्हणून आता नियम केलाय: सणाला एकदा, ओतायचं आणि लगेच प्यायचं, उरलं तर स्टीलमध्ये.

मे महिन्यात दुपारी दोनला पन्हं झालं, फ्रिजमधून गारेगार. ग्लास सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं असतं ते वेगळं सांगायला नको. हात धरवत नाही. ‘टक’ एवढाच आवाज झाला. कटाई असलेला जाड भाग आणि वरची पातळ कड एका वेगानं तापत नाहीत, मग तडा जाणारच. बुडापासून दांडीपर्यंत गेला होता.

दुसऱ्या एकाच्या ओठावर आधीपासून बारीक कपची होती. ती मात्र स्वतः काढली. सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर सपाट काचेवर चिकटवला, पाण्याची धार सोडून ग्लास पालथा धरून गोल गोल फिरवला, आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग सगळ्यात बारीक १२००. पाणी तोडायचं नाही, शिशाची काच आहे, कोरडी धूळ नाकात जायला नको. शेवटी सीताबर्डीतल्या एका चष्मेवाल्याकडून मागून आणलेली काच चमकवायची सिरियम ऑक्साइडची गुलाबी पावडर फेल्टच्या जाड कापडावर घेऊन तासभर चोळली. ओठ परत गुळगुळीत झाला, कपची गेली. ग्लास दीड मिलीमीटरनं बुटका झाला. रांगेत ठेवला की मला दिसतो, सासूबाईंना दिसत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

कोलकात्याचे दोन कप परत पाठवले नाहीत. त्यांच्या मापाची बशी, खळगा पन्नासचा, कोणाकडे असेल तर सांगा. नक्षी कुठलीही चालेल.