तुम्ही विचारलंत म्हणून : अस्वलांना घाबरत नाही मी

"अमावास्येला एकटा राजगड चढणारा तू, आणि तिकडे दोन तासांची साधी वाट एकट्यानं चालत नाहीस? अस्वलांना घाबरतोस काय?"

आपल्या जुन्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणी व्हर्जिनियातल्या पानगळीचा फोटो टाकला की हा प्रश्न ठरलेला. मी एक हसरा चेहरा टाकून सुटतो. गेल्या आठवड्यात "अमेरिकेनं मऊ केला याला" असंही वाचलं, म्हणून आता लिहून टाकतो.

इथल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कात अस्वलं भरपूर आहेत. तीनदा समोर आली. टाळ्या वाजवल्या, निघून गेली.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये बाबा साताऱ्याहून आले होते. वय 71, रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारा माणूस. ते यायच्या आधीच मी त्यांच्यासाठी एक कार्ड करून ठेवलं होतं, लॅमिनेट करून. इंग्रजीत लिहिलं होतं : मला इंग्रजी येत नाही, मी मुलाकडे आलो आहे, हा त्याचा पत्ता, हा फोन. बाबा म्हणाले, "जत्रेत हरवणाऱ्या पोराच्या खिशात ठेवतात तसं काय हे?" पण ठेवलं, जाकिटाच्या आतल्या खिशात.

कार्डाचं कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. अलाबामातल्या मॅडिसन गावी फेब्रुवारी 2015 मध्ये सुरेशभाई पटेल, वय 57, मुलाच्या घराजवळ सकाळी पायी फिरत होते. नातवाला सांभाळायला गुजरातहून नुकतेच आलेले. 'कुणी किडकिडीत काळा माणूस फिरतोय' असा शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. सुरेशभाईंना प्रश्न कळेनात. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला मार बसला आणि अंग लुळं पडलं. खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, मग न्यायाधीशानं पोलिसाला निर्दोष सोडलं. मी ते सगळं वाचलं आणि त्यावर तोडगा म्हणून एक कार्ड केलं. माझ्या हुशारीची हद्द तेवढीच.

तर त्या दिवशी आम्ही पार्कच्या हद्दीबाहेरच्या एका खडीच्या रस्त्यावर गाडी लावून चाललो होतो. परत आल्यावर बाबांची काठी ओढ्यापाशी राहिल्याचं लक्षात आलं. म्हटलं, तुम्ही थांबा, मी घेऊन येतो. पंधरा मिनिटं लागली असतील. उतारावरून पाहतो तर गाडीमागे पोलिसांची गाडी, दिवे लुकलुकताहेत. पोलीस दहा-बारा फुटांवर उभा राहून काही विचारतोय. माकडटोपी घातलेले बाबा हसताहेत. न कळलेल्या प्रश्नाला ते हसतात, आयुष्यभराची सवय. आणि मग त्यांचा हात जाकिटात, आतल्या खिशाकडे गेला.

पोलिसाचा हात कमरेकडे गेला.

"बाबा, हात बाहेर! हात काढा बाहेर! अक्कल आहे का!"

हे मी ओरडलो. वडिलांना. आमच्या घरात बाबांसमोर आवाज चढवायची पद्धत नाही, आजीच्या वाटणीवरून भांडणं झाली तेव्हाही कुणी चढवला नव्हता. पोलीस माझ्याकडे वळला. माझ्या हातात काठी होती. टाकली. दोन्ही हात वर केले आणि मग कधी नव्हे इतक्या गोड इंग्रजीत बोललो.

पुढचं सगळं तीन मिनिटांत आटोपलं. कुणीतरी फोन केला होता, गाड्यांपाशी एक माणूस घोटाळतोय म्हणून. पोलीस सभ्य होता. हवा छान आहे, मजा करा, म्हणाला. गाडीत बसल्यावर बराच वेळ बाबा बोलले नाहीत. हायवे लागल्यावर म्हणाले, "तूच दिलेला कागद काढत होतो."

झालं एवढंच. तुम्ही म्हणाल, म्हणजे काहीच झालं नाही. खरंय. तिथे गाड्यांच्या काचा फुटतात हेही खरंय, फोन करणाऱ्याला चोर वाटला असेल. त्या पोलिसाचं नेमकं काय चुकलं हे मला आजही सांगता येत नाही. कमरेवरचा हात मी पाहिला की माझ्या भीतीनं पाहिला, यावर बायकोशी दोनदा वाद झालाय.

आणि मी काही जन्मापासून शहाणा नव्हतो. इथे नवा असताना एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला मी शेनान्डोआला चल म्हटलं होतं. तो म्हणाला, आमच्या घरात जंगलात जायची रीत नाही. मी हसून म्हणालो, "झाडांना कुठे रंग कळतो?" काय टाळीचं वाक्य! त्यानं विषय बदलला. याच पार्कात 1939 साली लुईस माउंटन नावाची जागा खास कृष्णवर्णीयांसाठी काढली होती, गोऱ्यांपासून वेगळी, आणि हे वेगळेपण 1950 पर्यंत पुरतं संपलं नव्हतं, हे मला कितीतरी नंतर कळलं. त्याच्या आजीला कदाचित तेव्हाच कळलं असेल. 25 मे 2020 ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पक्षी पाहणाऱ्या ख्रिश्चन कूपरनं एका बाईला कुत्रा बांधा म्हटलं, आणि तिनं 'एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतोय' म्हणून पोलिसांना बोलावलं. तो व्हिडिओ पाहताना मला तो सहकारी आठवला. फोन करावासा वाटला. केला नाही. माझी एक दुपार त्याच्या आजीच्या शेजारी नेऊन ठेवायचा मला हक्क आहे का, हाही प्रश्न होताच.

बाबांचा किस्सा मी तुमच्यातल्या एकाला सांगितला होता. त्यानं उलट विचारलं, "आणि राईनपाडा?" मला राग आला. विषय काय, हा बोलतोय काय. पण ते डोक्यातून जाईना. 1 जुलै 2018, साक्री तालुका. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारले. आपण टी-शर्टवर 'भटके' छापून घेतलं होतं, आठवतंय? ते कागदोपत्री भटके होते. आपण रात्री अकराला कुठल्याही वाडीत शिरायचो, कुत्री भुंकायची, म्हातारी ओसरी झाडून द्यायची. माणुसकी, म्हणायचो. पाण्याचा तांब्या देताना तिनं आडनाव विचारलं होतं. माझं चाललं. पाठीवर सॅक होती, पायात बूट होते, म्हणून आपण पाहुणे.

आता मी इथे तेच करतो. भडक केशरी जाकीट, दोन महागड्या काठ्या, कंपनीची टोपी. लांबूनच 'हायकर' दिसलं पाहिजे. एकदा पार्किंगमध्ये एक कृष्णवर्णीय तरुण साध्या कपड्यांत झाडाला टेकून उभा होता, आणि मी नकळत गाडीचं लॉक तपासलं. हे लिहायचं नव्हतं, पण विचारलंत.

येत्या ऑक्टोबरात तुम्ही चौघं येताय. शेनान्डोआतल्या ओल्ड रॅग डोंगरावर नक्की जाऊ, तिकिटं मी आधी काढून ठेवतो, हल्ली लागतात. पाच जण असलो की मला काही वाटत नाही. सकाळी थंडी असते, हातमोजे आणा. खिशात हात घालून उभं राहायचं नाही.