दोर जाड आहे म्हणून माणूस बसवायचा?

कोल्हापुरात खाण म्हटलं की राधानगरी-शाहूवाडीकडची बॉक्साईटची लाल माती आठवते, पण ती उघडी खाण, डंपर आत जातो नि भरून बाहेर येतो, दोराला लटकून खाली जायचा प्रश्नच नाही. मात्र उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूला विहिरीचं काम बघा, काठावर यारी उभी, बादलीतनं मुरूम वर येतोय आणि जेवायची वेळ झाली की त्याच बादलीत पाय रोवून माणसं पण वर येतात. म्हणजे शाफ्ट, खाणीत उतरायचा उभा खोल खड्डा, आपल्याकडंही आहेच की, खाणीतली शिस्त तेवढी नाही.

मी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, क्रेनचे दोर बदलणं नेहमीचंच, त्यातनं खाणीतल्या वाइंडरबद्दल, म्हणजे दोरानं माणसं-माल वर-खाली नेणाऱ्या यंत्राबद्दल, वाचायचा नाद लागला. वायर रोप निघाला तोच मुळी खाणीसाठी. 1834 साली जर्मनीतल्या हार्झ डोंगरात, क्लाउस्थालला, विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण-अधिकाऱ्यानं साखळीला वैतागून लोखंडी तारा पिळून दोर केला, 4 तारांची एक लड, अशा 3 लडी. साखळीची एक कडी गेली की सगळं खाली, तेही न सांगता. दोरातली एक तार तुटली तर भार शेजारच्या तारा घेतात आणि तुटलेलं टोक बाहेर आलं की डोळ्याला दिसतं. माझ्या मते सगळी सेफ्टी इथंच आहे, वस्तू तुटणारच हे धरून चालायचं, फक्त तुटायच्या आधी तिनं सांगितलं पाहिजे.

आता जाड दोर घेतला की काम झालं असं वाटतं ना, तर गणित करून बघा. 1770 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीची पोलादी तार सरळ लटकवली तर साधारण 23 किलोमीटरला स्वतःच्याच वजनानं तुटेल. माणसं न्यायची म्हणून दहापट मार्जिन ठेवलं की उरले 2.3 किलोमीटर, ते पण केज, म्हणजे माणसं बसायचा पिंजरा, नसताना! दोर दुप्पट जाड केला तर वजनही वाढलं, फायदा शून्य. कोलारची सोन्याची खाण 3 किलोमीटरच्या खाली गेली होती, तिथं एका दमात न उतरता टप्प्याटप्प्यानं शाफ्ट बदलत जायचे.

बाकी रचना पण तशीच संशयी. केज वर येताना थांबलीच नाही तर थेट कप्पीला धडकणार, म्हणून इंग्लंडमध्ये 1860 च्या दशकात डिटॅचिंग हूक आले. हूक वरच्या जाड प्लेटच्या भोकात ओढला गेला की त्याची तांब्याची पिन कातरते, दोर सुटून जातो आणि हुकाचे खांदे फाकून केज तिथंच प्लेटवर अडकून राहते. आपल्या देशातल्या खाणींत तर दर सहा महिन्यांनी केजकडचं टोक कापून नवीन कॅपिंग, म्हणजे दोराच्या टोकाची जोडणी, करायचा नियम आहे, कारण हिसके आणि गंज तिथंच जास्त.

आणि यारीवर? एका ठिकाणी मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, दोन टनाचा दगड उचलतोय ह्यो, माणसाचं वजन ते किती!" अरे मामा, तोच दगड दिवसभर हिसके देतोय म्हणून तर भीती! दोराचं टोक दुमडून आवळायचे क्लॅम्प बघितले, यू बोल्ट लांब बाजूला, भार घेणाऱ्या दोरावर आवळलेला, म्हणजे जिथं ताण तिथंच दोर चेपलेला. यू बोल्ट आखूड बाजूला, मोकळ्या टोकावर पाहिजे. वर पावसाळाभर दोर ड्रमवर तसाच भिजतो, मधला तागाचा गाभा पाणी धरतो, गंज आतनं सुरू होतो आणि वरनं काळं ग्रीस फासलं की कुणाला काय दिसणार.

मशीन बंद करून जाड हातमोजे घाला, दोरावरनं सुती चिंधी फिरवा, धागा अडकला की समजा तिथं तार तुटलीय. आणि माणसांना चढ-उतार करायला बादली नको, शिडी लावा राव, दोन पैसे जातील पण लावा.