रेकॉर्डिंगमध्ये कटकट आवाज, सपाट रेघ नाहीतर -९९९९ : बिघाड शोधायचा कुठे?

रेकॉर्डिंग करताना काही बिनसलं की बरेच जण सगळ्यात आधी सॉफ्टवेअर काढून परत टाकतात. हे बघून मला खरंच हळहळ वाटते, कारण त्यात वेळ जातो, जमवलेली सेटिंग्ज जातात आणि बिघाड असतो तिथेच राहतो. आवाज माईकमधून निघाला की केबल, इंटरफेस (माईकचा सिग्नल डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी पेटी), ड्रायव्हर (ती पेटी चालवणारा छोटा प्रोग्रॅम), ऑपरेटिंग सिस्टीम, मग कुठे सॉफ्टवेअर आणि शेवटी डिस्क असा प्रवास करतो, आणि माझं तर मत असं आहे की बहुतेक वेळा गडबड सॉफ्टवेअरच्या आधीच झालेली असते. म्हणून बिघडलेला टेक, म्हणजे एका खेपेचं रेकॉर्डिंग, डिलीट करू नका, नाव देऊन बाजूला ठेवा, त्यातच सगळं दिसतं.

आधी रेकॉर्डिंग सुरूच होत नाही तो प्रकार घेऊ. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये -९९९६, -९९९७, -९९९९ असे आकडे येतात आणि लोक घाबरतात, पण हे आकडे आतल्या पोर्टऑडिओ नावाच्या लायब्ररीचे आहेत आणि त्यांना अर्थ आहे. -९९९६ म्हणजे निवडलेलं डिव्हाइस सापडत नाहीये किंवा चालत नाहीये, बऱ्याचदा ऑडॅसिटी उघडल्यावर यूएसबी माईक लावलेला असतो, मग मेनूतून डिव्हाइसेस रीस्कॅन केले की झालं. -९९९७ म्हणजे तुम्ही मागितलेला सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं (सॅम्पल) घ्यायची तो आकडा, त्या डिव्हाइसला जमत नाही. -९९९९ मात्र फसवा आहे, त्याचा अर्थ फक्त एवढाच की सिस्टीमकडून काहीतरी अनपेक्षित उत्तर आलं, आणि विंडोजवर त्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोन वापरायची परवानगी बंद असणं, नाहीतर दुसरंच एखादं अ‍ॅप माईक धरून बसलेलं असणं. मॅकवर तर परवानगी नसेल तर कधीकधी एररसुद्धा येत नाही, रेकॉर्डिंग छान चालू दिसतं आणि स्क्रीनवर नुसती सपाट रेघ. म्हणून अगदी सरळ रेघ दिसली की गेन (माईकचा सिग्नल किती मोठा करायचा ते बटण) वाढवत बसण्याआधी परवानगी बघा. परवानगी असूनही रेघ तशीच असेल आणि माईक कंडेन्सर, म्हणजे इंटरफेसकडून वीज लागणारा, असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण बघा.

आता तो कटकट आवाज. जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जिथे कट्ट झालं तिथे वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरची आवाजाची लाट, इतका झूम करा की एकेक सॅम्पलचा ठिपका दिसायला लागेल. लाट गुळगुळीत चाललीय आणि मधेच एकदम उभी उडी मारून दुसऱ्याच उंचीवरून पुढे जातेय असं दिसलं तर तिथला आवाजाचा तुकडाच हरवलाय, म्हणजे ड्रॉपआउट. लाटेचा माथा करवतीनं कापल्यासारखा सपाट दिसला तर ते क्लिपिंग, सिग्नल ० डीबीएफएसला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला, जाऊन धडकलाय. आणि फक्त प, फ, भ म्हणताना धप्प होत असेल आणि लाट मोठी पण अखंड असेल तर तो तोंडाचा वारा आहे, पॉप फिल्टर लावा आणि माईक जरा तिरका धरा, कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही. तिन्ही आवाज कानाला जवळजवळ सारखे लागतात आणि उपाय तिन्हींचे एकदम वेगळे, म्हणून झूम करून बघा असा माझा इतका आग्रह.

ड्रॉपआउट असेल तर पुढचा प्रश्न: कट्ट कसंही कधीही होतंय की ठरावीक अंतरानं? कसंही कधीही होत असेल तर कॉम्प्युटर वेळेत पोचत नाहीये. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका खेपेला हाताळतो तो आवाजाचा तुकडा. तो १२८ सॅम्पलचा असेल तर ४८००० च्या रेटला प्रोसेसरला प्रत्येक खेपेला जेमतेम २.७ मिलिसेकंद मिळतात, १०२४ केला की २१ मिलिसेकंदांहून जास्त. त्यामुळे नुसतं रेकॉर्ड करायचं असेल तर बफर बिनधास्त वाढवा. मोठ्या बफरमुळे स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, म्हणून तो ऐकायला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून न फिरता थेट इंटरफेसमधून ऐकणं) वापरा, म्हणजे उशिराचा प्रश्नच नाही. तरी थांबलं नाही तर विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून बघा, कुठला ड्रायव्हर सिस्टीम अडवतोय ते तो नावानिशी दाखवतो, पुष्कळदा वायफायचा निघतो, मग रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद. यूएसबी हब काढून थेट पोर्टमध्ये लावणं आणि पॉवर प्लॅन बदलणं हेही करून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बरं कशानं झालं ते कधीच कळत नाही.

ठरावीक अंतरानं टिक टिक येत असेल तर बफर कितीही वाढवा, फरक पडणार नाही. इथे कारण वेगळं आहे: दोन डिजिटल उपकरणं सॅम्पल मोजायच्या आपापल्या आतल्या घड्याळावर चालतायत, त्यातल्या एकाला मुख्य आणि दुसऱ्याला त्याच्यामागून चालणारं करावं लागतं, हे इंटरफेसच्या क्लॉक सोर्स सेटिंगमध्ये असतं. मॅकवर दोन यूएसबी माईक एकत्र जोडले असतील तर ड्रिफ्ट करेक्शनची (घड्याळांमधला फरक भरून काढणाऱ्या सेटिंगची) खूण करा.

टेक स्वच्छ आहे पण आवाज जड आणि संथ येतोय? ४८००० ला रेकॉर्ड झालेली फाइल ४४१०० समजून वाजवली जातेय. एका मिनिटाचं साधारण ६५ सेकंदांचं होतं आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली जातो. सिस्टीम, इंटरफेस आणि प्रोजेक्ट तिन्हीकडे एकच रेट ठेवा. हा टेक वाया जात नाही, ट्रॅकचा रेट बरोबर लावला की परत पूर्ववत होतो. क्लिपिंगचं तसं नाही, कापला गेलेला माथा गेला तो गेलाच, म्हणून २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज -१२ डीबीएफएसच्या आसपास राहू द्या, बारीक रेकॉर्ड झालंय म्हणून घाबरू नका, नंतर वाढवता येतं.

ब्लूटूथ हेडसेटचा माईक उघडला की एकदम फोनवर बोलल्यासारखा आवाज येतो, कारण तो कॉलच्या मोडमध्ये जातो. ऐकायला ब्लूटूथ हवं तर ठेवा, पण इनपुट दुसरं निवडा. सतत घूं असा आवाज असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर ग्राउंडचा प्रश्न आहे.

आणि प्रोजेक्ट क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये कधीच ठेवू नका. ऑडॅसिटीची एयूपी३ फाइल म्हणजे आतून एक डेटाबेस आहे, रेकॉर्डिंग चालू असताना त्यात सतत लिहिलं जातं, आणि त्याच वेळी सिंक मधे पडलं की फाइलच खराब होऊ शकते. लोकल डिस्कवर काम करा, झालं की बंद करून मग हवी तिथे कॉपी टाका.